साक्षी आणि प्रेक्षक

रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानात बसून सीतेला खालची भूमी दाखवतो. आधी समुद्र, मग किनारा, मग जनस्थान, पंचवटी, चित्रकूट, गंगायमुनांचा संगम, आणि शेवटी शरयू. उंचावरून पाहिलेल्या देशाचे इतके सुंदर वर्णन क्वचितच कोणी केले असेल. त्याचे कौतुक सारेच करतात. पण एका साध्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. रामाला इतक्या निवांतपणे पाहता आले आणि दाखवता आले, कारण विमान त्याला चालवावे लागत नव्हते. पुष्पक मनाच्या इच्छेने चाले. सुकाणू नाही, वेगाचा काटा नाही, उतरण्याची चिंता नाही. अशा वेळी सीतेकडे वळून ‘ते बघ’ म्हणायला रामाला काय हरकत होती?

माणसाने बांधलेल्या विमानात ही सोय नाही. त्यातही दोन-चार आसनांचे छोटे विमान म्हणजे एखाद्या जुन्या मोटारीएवढाच संसार. एक इंजिन, पुढे एक पंखा, समोर दहा-बारा काटे, आणि त्या साऱ्यांवर नजर ठेवणारा एक माणूस. या माणसाने आता समोरच्या काचेवर किंवा आपल्या डोक्यामागे काडेपेटीहून थोडा मोठा व्हिडिओ कॅमेरा बसवायला सुरुवात केली आहे. रामाला जे आयते लाभले ते स्वकष्टाने साधण्याचा हा खटाटोप आहे. उडायचेही आणि दाखवायचेही. यात वावगे काही आहे काय, आणि असलेच तर नेमके कुठे, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनात घोळतो आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

तुमचा विमानाशी संबंध काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. आमच्या गावाची ख्याती आहे ती जमिनीखाली. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जात असे. ते तगर म्हणजेच हे तेर. १९५८ साली इथे उत्खनन झाले. पांढरीच्या टेकाडांतून निघालेले मणी, मातीच्या बाहुल्या, खापरे, आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती आमच्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. तेव्हा खाली पाहणे हाच आम्हा तेरकरांचा स्वभाव. वर पाहायचे ते फक्त पाऊस कधी येतो म्हणून.

माझा भाचा मात्र या कुळाचाराला अपवाद निघाला. तो वैमानिक होण्यासाठी शिकतो आहे. मागल्या सुट्टीत तो आला, तेव्हा त्याने ओसरीवर बसून आपल्या उड्डाणांचे चित्रण आम्हाला दाखवले. घरची पोरे त्याच्या खांद्यांवर लोंबकळत होती. खाली रस्ते दोऱ्यासारखे, शेते गोधडीच्या ठिगळांसारखी. माझ्या आईने बराच वेळ डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले, “आन् आपलं गाव कुठंय रं यात?”

“आपलं गाव त्या बाजूला नाही, आज्जी.”

“मग कशाला काढलंय?”

सगळे हसले. पण म्हातारीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कशाला काढले, याच एका प्रश्नाभोवती हा सारा विषय फिरतो.

कॅमेरा बसवणे ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही, हे मला भाच्याकडून कळले. विमानाची खिडकी काचेची नसते, पारदर्शक प्लॅस्टिकची असते. तिला ओरखडे लवकर पडतात. कॅमेऱ्याची बैठक म्हणजे आतली हवा काढून चिकटवण्याची रबरी वाटी. ती चिकटून राहते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे, आणि जसजसे उंच जावे तसतसा तो दाब कमी होत जातो. म्हणजे जिथे ती निसटायला नको नेमकी तिथेच तिची पकड ढिली पडते. म्हणून तिला दोरी बांधून ठेवायची. कॅमेरा होकायंत्राजवळ ठेवायचा नाही, नाहीतर त्याच्या चुंबकाने आणि विजेने काटा भलतीकडे वळतो. समोरचे दृश्य अडता कामा नये, सुकाणूच्या मार्गात काही येता कामा नये, आणि हे सारे करण्याआधी शिक्षकांची आणि संस्थेची परवानगी हवी. उडत्या विमानातून छायाचित्र घ्यायचे तर लेखी परवानगी लागेल, असे १९३७ सालच्या विमान नियमांतच, तेराव्या नियमात, लिहून ठेवलेले आहे. त्या काळी चिंता होती हेरगिरीची. आजची चिंता निराळी आहे.

त्या चित्रणात मला एक चमत्कार दिसला. विमानाच्या नाकावरचा पंखा सरळ दिसेना. त्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली, मध्येच तुटून हवेत तरंगणारी, क्षणभर उलटी फिरणारी! मी घाबरून विचारले, तेव्हा भाच्याने खुलासा केला. हा कॅमेरा सारे चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ओळीओळीने टिपत जातो. पंखा मिनिटाला दोन हजार चारशे फेरे, म्हणजे सेकंदाला चाळीस फेरे घेत असतो. वरची ओळ टिपून खालच्या ओळीपर्यंत यावे, तोवर पाते पुढे सरकलेले असते. सरळ वस्तू वाकडी उमटते ती अशी. त्यावर उपाय काय? तर भिंगापुढे काळसर काच लावायची. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो, आणि पंखा आपल्या डोळ्यांना दिसतो तसा धूसर होऊन जातो.

‘कॅमेरा खोटे बोलत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या वाकड्या पात्यांनी ते म्हणणे निकालात काढले. कॅमेराही साक्षीदारच आहे, आणि प्रत्येक साक्षीदाराप्रमाणे तो आपल्या रचनेपुरतेच पाहतो. त्याची साक्ष घ्यावी. पण निवाडा त्याच्यावर सोपवू नये.

या संदर्भात आपल्या मराठी माणसांना शिवकर बापूजी तळपदे यांची आठवण होणे साहजिक आहे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिला भरवशाचा समकालीन पुरावा नाही. ल्यूमिएर बंधूंचे हलते चित्र मुंबईत प्रथम दाखवले गेले ते ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. म्हणजे चौपाटीच्या त्या दिवसाला चलच्चित्राचा डोळा लाभला नव्हता. पुढे ज्या ‘वैमानिकशास्त्रा’शी हे नाव जोडले गेले, त्यातल्या विमानांची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली, आणि ती उडणे शक्य नाही असा निष्कर्ष काढला. मग २०१५ साली तळपद्यांच्या कथेवर हिंदी चित्रपट निघाला, आणि त्यात कॅमेऱ्यापुढे ते विमान डौलाने उडाले! जेव्हा पाहायचे होते तेव्हा कॅमेरा नव्हता. जेव्हा कॅमेरा आला तेव्हा पाहण्यासारखे काही उरले नव्हते, आणि तरी त्याने दाखवले. दिसणे आणि घडणे या दोन गोष्टींतले अंतर याहून स्पष्ट कसे सांगावे?

एवढे असूनही कॅमेऱ्याविरुद्ध सरसकट बोलणे मला पटत नाही. शिकणाऱ्या वैमानिकाला त्याचा मोठा उपयोग होतो. विमान उतरवताना एकेक क्षण इतका गच्च भरलेला असतो की नंतर शिक्षकांनी विचारले, ‘वेग किती होता?’ तर मुलाला आठवत नाही, किंवा जे असायला हवे होते तेच आठवते. स्मृती ही आपली नातलग. ती आपल्याच बाजूने बोलते. कॅमेरा परका आहे. तो सांगतो, धावपट्टी जवळ आली तेव्हा काटा अमुक ठिकाणी होता, नाक अमुक इतके वर होते. गायकाने आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकावा आणि बेसूर कुठे झाला ते शोधावे, तसेच हे. यात दिखावा नाही. उलट, स्वतःला असे ऐकायला आणि पाहायला बरेच धैर्य लागते.

मग बिघडते कुठे? भाच्यानेच मला एक चित्रण थांबवून दाखवले. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे रोखलेला होता. विमान उतरत होते. उंची दोनशे फूट उरली असेल. “मामा, इथे बघा,” तो म्हणाला, “इथे मी हसलो.” खरेच, त्याची नजर अर्धा क्षण धावपट्टीवरून सुटून भिंगाकडे गेली होती आणि ओठ हलले होते. त्या उड्डाणात काही झाले नाही. चाके धावपट्टीला जरा जोराने लागली, एवढेच. शिक्षकांनी ते चित्रण पाहिले, रागावले नाहीत, कॅमेरा उचलून त्याचे तोंड काट्यांकडे आणि धावपट्टीकडे वळवून दिले आणि म्हणाले, “आता ठेव.”

मला वाटते, या प्रश्नावर लिहिलेल्या मोठमोठ्या ग्रंथांत सापडणार नाही इतके शहाणपण त्या एका कृतीत होते. छोट्या विमानात कॅमेऱ्याला तीन दिशा असतात. तो बाहेर रोखला तर जग दिसते. काट्यांवर रोखला तर कृती दिसते. चेहऱ्यावर रोखला तर ‘मी’ दिसतो. पहिल्या दोन ठिकाणी तो साक्षी असतो. तिसऱ्या ठिकाणी तो प्रेक्षागृहाचे दार उघडतो, आणि दार उघडले की न आलेल्या प्रेक्षकांच्या टाळ्याही कानांत वाजू लागतात.

राइट बंधूंचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र वाचकांनी पाहिले असेल. १७ डिसेंबर १९०३ ची सकाळ. ऑर्व्हिलने तिकाटण्यावर कॅमेरा लावून ठेवला आणि जॉन डॅनियल्स नावाच्या, किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्यातल्या माणसाला सांगितले, विमान सुटले की हे दाबायचे. डॅनियल्सने त्याआधी कधी छायाचित्र काढलेले नव्हते. उड्डाण बारा सेकंदांचे, एकशे वीस फुटांचे. त्या चित्रात ऑर्व्हिल पंखावर पालथा पडलेला आहे, विल्बर बाजूला धावता धावता थबकलेला आहे, आणि दोघांपैकी कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. मानवजातीच्या इतिहासातला एवढा मोठा क्षण; पण ज्यांचा तो क्षण, ते विमानाकडे पाहण्यात गुंतलेले. पुढे १९०९ च्या एप्रिलमध्ये रोमजवळच्या सेंतोचेल्ले मैदानावर विल्बरच्या विमानातून पहिले चलच्चित्र घेतले गेले, तेव्हाही कॅमेरा चालवायला वेगळा माणूस होता. एकाने उडावे, दुसऱ्याने टिपावे. कामांची ही वाटणी अपघाताने झाली असेल. पण तिच्यात एक शिस्त होती. आजच्या वैमानिकाने दोन्ही कामे एकट्याच्या शिरावर घेतली आहेत.

त्याची किंमतही कोणीतरी मोजली आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या मे महिन्याअखेरीस, रात्रीच्या वेळी, दोन आसनांचे एक सेसना विमान कोसळले आणि आतली दोन्ही माणसे गेली. विमानात लहान कॅमेरा होता. त्यात त्या शेवटच्या फेरीचे चित्रण नव्हते. पण आधीच्या फेऱ्यांचे होते, आणि त्यांत वैमानिक व सोबतचे लोक मोबाइलवर स्वतःचे फोटो काढताना दिसत होते, अंधारात लखकन प्रकाश पाडून. मोबाइलमुळे लक्ष विचलित होणे हे या अपघाताचे एक कारण असावे, असे तपास मंडळाने नमूद केले. इथेही कॅमेऱ्याने खरी साक्ष दिली. ती ऐकायला ज्याचा उपयोग झाला असता तो माणूस मात्र राहिला नव्हता.

दुसरी हकीकत याहून विचित्र आहे. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात एका माणसाने आपल्या जुन्या छोट्या विमानावर अनेक कॅमेरे बसवले, पाठीला पॅराशूट बांधले, आकाशात जाऊन विमानातून उडी मारली, आणि विमान डोंगरात कोसळू दिले. इंजिन बंद पडले असा बहाणा होता. चित्रण लाखो लोकांनी पाहिले. पुढे उघड झाले की एका पैशांच्या पाकिटाच्या जाहिरातीसाठी हा उद्योग होता, आणि चौकशी चुकवण्यासाठी त्याने विमानाचे अवशेषही नाहीसे केले होते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. माझ्या आईने विचारलेल्या ‘मग कशाला काढलंय?’ या प्रश्नाचे हे सर्वांत भयंकर उत्तर. आधी उड्डाणासाठी कॅमेरा होता. इथे कॅमेऱ्यासाठी उड्डाण झाले, आणि कॅमेऱ्यासाठीच ते कोसळले.

यावर कोणी म्हणेल, माणूस पाहिला जातो म्हणूनच तर नीट वागतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लाउकन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि कोणी पाहत नाही म्हटल्यावर तो राजाचा खून करून राज्य बळकावतो. मग कॅमेरा म्हणजे त्या अंगठीवरचा उतारा नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले; विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसे गेली. पुढच्या महिन्यात आलेल्या प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या कक्षातले एक छोटेसे संभाषण होते. इंधन का बंद केलेस, असे एकजण विचारतो. मी केले नाही, असे दुसरा सांगतो. आवाज होता, हात दिसत नव्हते. कक्षात चित्रण करणारे यंत्र असावे, ही जुनीच सूचना त्यानंतर पुन्हा पुढे आली. वैमानिकांच्या संघटनांचा तिला विरोध आहे. सतत रोखलेल्या डोळ्याखाली माणूस मोकळेपणाने काम करू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना वजन आहे. तरी मला वाटते, ज्याच्या हाती शेकडो जीव आहेत त्याने साक्षीला नाही म्हणू नये. फक्त ती साक्षच राहावी. ती तपास करणाऱ्यांसाठी असावी. लोकांना संध्याकाळी करमणूक म्हणून दाखवण्यासाठी नसावी.

पण नीट वागवणे आणि नीट घडवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. इथे मला आमच्या गोरोबाकाकांचा आधार घ्यावासा वाटतो. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. १३१७ साली त्यांनी देह ठेवला असे परंपरा सांगते. कुंभार माणूस. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने त्यांना विचारले, काका, यांतले मडके कोणते पक्के आणि कोणते कच्चे? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवून पाहिले. सारे गप्प राहिले. नामदेवांनी मात्र तक्रार केली. काकांनी निकाल दिला, हे मडके कच्चे.

ही गोष्ट आम्ही तेरची माणसे लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातला एक मुद्दा मला या कॅमेऱ्यामुळे प्रथमच उमगला. नामदेवांना पाहणारा कोण होता? प्रत्यक्ष विठ्ठल. त्यांच्या हातचा नैवेद्य खाणारा, त्यांच्याशी बोलणारा. याहून मोठा साक्षी कोणाला मिळाला आहे? आणि तरीही मडके कच्चे निघाले! देवाच्या दृष्टीसमोर राहूनही जे पक्के झाले नाही, ते भिंगासमोर राहून कसे होईल? पाहिले गेल्याने माती भाजत नाही. ती भट्टीतच भाजते, आणि भट्टीचे तोंड बंद असते. नामदेवांनाही पुढे औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांकडे जावे लागले. जे घडायचे ते तिथे, चारचौघांच्या नजरेआड घडले.

काकांची दुसरी कथा सांगताना आमच्या गावात अजून आवाज खाली येतो. ते चिखल तुडवत होते, मुखाने विठ्ठलाचे भजन चालले होते, आणि रांगत आलेले त्यांचे मूल त्यांच्याच पायांखाली आले. परंपरेने हा प्रसंग झाकला नाही, हे तिचे मोठेपण. पुढे देवाने ते मूल परत दिले. पण लक्ष दुसरीकडे असले म्हणजे पायाखाली काय येऊ शकते, हे या कथेने कायमचे सांगून ठेवले आहे. तिथे लक्ष विठ्ठलाकडे होते. ज्याचे लक्ष न दिसणाऱ्या प्रेक्षकांकडे आहे, त्याला मूल परत करायला कोण येणार?

म्हणून भाच्याला मी एवढेच म्हटले, की कॅमेरा काढून टाकू नकोस. त्याला काट्यांकडे तोंड करून बसव, बटण दाब, आणि मग तो तिथे आहे हे विसरून जा. ज्या दिवशी कॅमेरा चालू असतानाचे उड्डाण आणि बंद असतानाचे उड्डाण यांत फरक उरणार नाही, त्या दिवशी मडके वाजवून पाहायला हरकत नाही. त्यावर तो म्हणाला, “मामा, तो दिवस आला हे कळणार कसे? बंद असतानाचे चित्रण तर नसणार.” मला उत्तर सुचले नाही. ते थापटणे ज्याचे त्यानेच हाती घ्यायचे असते, असे फार तर म्हणता येईल.

वाचकांपैकी विमान चालवणारे थोडेच असतील. पण भाऊबीज आता चार दिवसांवर आली आहे. बहीण ताट घेऊन उभी राहील, निरांजनाची ज्योत स्थिर होईल, भावाच्या कपाळाकडे तिचा हात जाईल, आणि इतक्यात कोणीतरी म्हणेल, “थांब थांब, फोटो घेऊ दे. जरा इकडे बघ.” फोटो जरूर घ्यावा, पुढे तो पाहायला बरा वाटतो. पण घेणाऱ्याने बाजूला उभे राहून घ्यावा, आणि ओवाळणाऱ्या बहिणीने भावाकडेच पाहावे.